रन लावण्याआधी: हाय फ्रिक्वेन्सी सर्किटच्या फील्ड सिम्युलेशनची तयारी

सिम्युलेशनचं उत्तर पटेनासं झालं की पहिला संशय सॉल्व्हरवर, म्हणजे फील्डची समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो, पण घोळ बहुतेक वेळा रन लावायच्या आधीच झालेला असतो. म्हणून आधी कागदावर लिहून काढा: हवंय काय? एस-पॅरामीटर (सिग्नलचा किती भाग परत फिरतो आणि किती पार जातो), रेझोनन्स, की शेजारच्या दोन ट्रॅकमधलं कपलिंग (एकातून दुसऱ्यात झिरपणारा सिग्नल)? आणि किती गिगाहर्ट्झपर्यंत?

पद्धत यावरूनच ठरते. केन यी यांनी 1966 मध्ये मांडलेली एफडीटीडी (फायनाइट डिफरन्स टाइम डोमेन) पद्धत फील्ड काळाच्या छोट्या छोट्या पावलांनी पुढे नेते, त्यामुळे एका पल्समध्ये अख्खा बँड हाती येतो. मात्र हाय-क्यू, म्हणजे ऊर्जा बराच वेळ धरून ठेवणाऱ्या फिल्टरमध्ये ते फील्ड विझता विझत नाही, आणि कंटाळून मध्येच रन थांबवला तर आलेखावर नसलेल्या लाटा उमटतात. तिथे फ्रिक्वेन्सी डोमेनमधली, म्हणजे एकेका फ्रिक्वेन्सीला उत्तर काढणारी फायनाइट एलिमेंट पद्धत बरी. सपाट थरांचं सर्किट असेल तर मेथड ऑफ मोमेंट्स, कारण तिथे मेश (गणितासाठी पाडलेल्या छोट्या सेलची जाळी) फक्त धातूवर लागतं. फक्त मेमरीचा हिशेब आधी करा: पूर्ण भरलेलं मॅट्रिक्स, 1 लाख अज्ञातं आणि प्रत्येक आकड्याला 16 बाइट म्हणजे 160 जीबी.

कॅडमधून आलेलं मॉडेल झाडून घ्या. एकमेकांत घुसलेले ठोकळे, केसाएवढ्या फटी, बोर्डावर छापलेली अक्षरं काढून टाका. ग्राउंडच्या व्हायांना (थर जोडणाऱ्या धातू चढवलेल्या भोकांना) मात्र हात लावू नका.

मटेरियलचा आकडा डेटाशीटमधून उचलताना तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजलाय ते बघा, आणि लॉस टॅन्जंट (मटेरियलमध्ये किती ऊर्जा वाया जाते त्याचं माप) भरायला विसरू नका. तांब्यात 10 गिगाहर्ट्झला करंट जेमतेम 0.66 मायक्रोमीटर खोल जातो. पत्र्याचा खडबडीतपणा त्याहून मोठा असू शकतो, तेव्हा गुळगुळीत तांबं धरून काढलेला लॉस कमीच येणार.

आता मेश. इथे घाई नको. हवेत 10 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 30 मिमी, 4.4 परमिटिव्हिटीच्या सबस्ट्रेटमध्ये (ट्रॅकखालच्या इन्सुलेटर थरात) ती साधारण 14.3 मिमी उरते. तिचा विसावा भाग धरला तर सेल 0.7 मिमीचा. पण हा नियम लाटेपुरता. मायक्रोस्ट्रिपमधला, म्हणजे सबस्ट्रेटवरच्या धातूच्या पट्टीतला करंट पट्टीच्या कडांना गोळा होतो, आणि दोन पट्ट्यांमधली फट 0.2 मिमीची असेल तर तो 0.7 मिमीचा सेल तिला ओळखणारही नाही. कडा, फटी आणि सबस्ट्रेटची जाडी, तिन्हींत काही सेल बसलेच पाहिजेत. एफडीटीडीत याची किंमत मोजावी लागते: सेल सगळीकडे अर्धा केला की सेलची संख्या 8 पट होते, वर काळाचं पाऊल सेलच्या मापाशी बांधणाऱ्या कूराँ अटीमुळे काळाचं पाऊलही अर्धं होतं, म्हणजे काम 16 पट. बारीक मेश जिथे लागतं तिथेच घाला.

पोर्टकडे, म्हणजे सिग्नल मॉडेलमध्ये जिथून आत-बाहेर जातो त्या जागेकडे, माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष जातं. वेव्ह पोर्ट पट्टीला चिकटवून लहान काढला तर कडेचं पसरलेलं फील्ड कापलं जातं आणि इम्पिडन्स चुकतो. अवाढव्य काढला तर नको ते मोड (फील्डच्या वेगळ्या रचना) शिरतात. पोर्ट वळणापासून किंवा जोडापासून जरा लांब ठेवा आणि मधल्या लाइनचा परिणाम डी-एम्बेड करून उत्तरातून वजा करा. बाहेरची रेडिएशन बाउंड्री (लाटा परत न फिरवता बाहेर जाऊ देणारी सीमा) सर्वांत कमी फ्रिक्वेन्सीच्या पाव तरंगलांबीवर, म्हणजे 1 गिगाहर्ट्झला 75 मिमी. पीएमएल (लाटा शोषून घेणारा थर) वापरलात तर ती बरीच जवळ आणता येते.

खऱ्या सर्किटआधी 50 ओहमची एक सरळ लाइन चालवून बघा आणि इम्पिडन्स सूत्राशी ताडा. पॅसिव्ह, म्हणजे स्वतः ऊर्जा न घालणाऱ्या सर्किटमध्ये एस11 (परत फिरलेला भाग) आणि एस21 (पार गेलेला भाग) यांच्या वर्गांची बेरीज 1 च्या वर गेली तर पुढचे आलेख बघूच नका. शेवटी कन्व्हर्जन्सची मर्यादा तपासा, म्हणजे मेश बारीक केल्यावर उत्तर किती बदललं तर चालेल ते. एस-पॅरामीटरमध्ये 0.02 इतका बदल चालेल असं ठरवलंत आणि आयसोलेशन (एका पोर्टमधून दुसऱ्यात किती कमी सिग्नल जातो ते) मात्र उणे 40 डीबीचं वाचताय, तर तो आकडा मुळात 0.01 चा आहे. मर्यादा निदान 0.001 पर्यंत खाली आणा, मगच रन लावा.