वॅक्स की सीलंट? गाडी कुठे उभी असते ते आधी सांगा

गाड्यांच्या रंगाचं काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एकच प्रश्न सारखा ऐकावा लागतो: "वॅक्स मारू की सीलंट?" दोन्ही रंगावर चढवायचे पातळ थर, चमक आणि रक्षण यांसाठी. मी उलट दोन प्रश्न टाकतो. गाडी दिवसभर कुठे उभी असते? आणि हे काम तुम्ही पुन्हा कधी करणार, अगदी खरं सांगा? जास्त चमक कोणाची, हे मी शेवटी बघतो. रंग नीट तयार केलेला असेल तर चार पावलांवरून हे वॅक्स की सीलंट, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

चांगल्या वॅक्सचा जीव कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये ताडाच्या कुळातलं एक झाड वाढतं. त्याच्या पानांवर मेणाचा थर असतो, पानं वाळवून तो झाडून काढतात. ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय हे मेण वितळत नाही, आणि निव्वळ कार्नोबा एवढा टणक असतो की तो गाडीवर पसरवताच येणार नाही. म्हणून त्यात मधमाशीचं मेण, तेलं, द्रावकं घालून मऊ लेप करतात. डबीवर 'शुद्ध कार्नोबा' असं ठळक लिहिलेलं असलं तरी अख्खी डबी कार्नोब्याने भरलेली नसते, एवढं ध्यानात ठेवा. या मिसळीमुळेच भर उन्हात तापणाऱ्या बोनेटवर वॅक्स लवकर दम तोडतं.

सीलंट म्हणजे कारखान्यात घडवलेले पॉलिमर, बरेचसे सिलिकॉनच्या कुळातले. ते क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, चिकटतात आणि सुकताना त्यांची आपापसात जाळी विणली जाते. ऊन, पाऊस, शाम्पू यांना हा थर सहज दाद देत नाही. वॅक्स साधारण महिना-दोन महिने टिकतं, चांगलं सीलंट चार ते सहा महिने. बाटलीवर याहून मोठे आकडे दिसतील. उघड्यावर रोज धावणाऱ्या गाडीसाठी मी ते निम्मे धरतो.

तेव्हा गाडी उघड्यावर राहत असेल आणि तुम्हाला वर्षातून दोनदाच वेळ मिळणार असेल, तर सीलंट घ्या आणि मोकळे व्हा. गाडी छपराखाली असते, रंग काळा, गडद निळा किंवा लाल आहे, आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडीशी खेळण्यात तुम्हाला मजा वाटते? मग वॅक्स. गडद रंगावर वॅक्समधली तेलं बारीक जाळीदार ओरखडे तात्पुरते झाकतात आणि रंग ओलसर, खोल दिसतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ही खोली जवळजवळ दिसतच नाही. तिथे महिन्या-दोन महिन्यांनी वॅक्स घासत बसणं मला तरी हौसेपलीकडे काही वाटत नाही.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक यांच्यापुढे मात्र दोघेही लंगडे. थोडा वेळ मिळवून देतात, बस. दिसताक्षणी ओल्या कापडाने भिजवून उचला, कोरडं घासू नका.

आता खरं काम. निकाल बाटलीपेक्षा तयारीवर जास्त ठरतो, आणि लोक नेमकी तीच उरकून टाकतात. गाडी धुऊन झाल्यावर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोनेटवरून हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागला, तर त्यात ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे ठिपके, रंगाचे तुषार रुतून बसलेत. डांबर त्याच्या क्लीनरने काढा. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मारा. लोखंड असेल तिथे तो जांभळा होऊन ओघळतो. तो सुकू न देता धुवा. उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी, पण भरपूर वंगण मारून आणि हात हलका ठेवून. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. त्याला चिकटलेला एक खडा अख्ख्या दरवाज्यावर रेघा ओढतो.

ओरखडे घालवायचे असतील तर याच टप्प्यावर पॉलिश करा. पण दर वेळी नको. क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो आणि पॉलिश त्यातलाच थोडा खाऊन टाकतं.

पॉलिशची तेलं रंगावर राहतात. वॅक्स ती चालवून घेतं, सीलंट नाही. त्याला उघडा, कोरा क्लिअर कोट लागतो. म्हणून सीलंटच्या आधी पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तयार पॅनल वाइप वापरून सगळी गाडी पुसा. सीलंट धड महिनाभरही टिकलं नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी सगळ्यात आधी हेच विचारतो. बहुतेकांनी पुसलेलंच नसतं.

लावताना सावली हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. थर इतका पातळ, की लावलाय की नाही असा संशय यावा. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसताना खांदे तेवढे भरून येतात. वॅक्स एकेका पॅनलवर लावा, धुरकट झालं की पुसा. सीलंटला बाटलीवर लिहिलेला वेळ द्या, मग बोट ओढून बघा: स्वच्छ पट्टा उमटला तर पुसायला तयार, फरकटलं तर थांबा. त्यानंतर बऱ्याच सीलंटना काही तास, कधी रात्रभर, पाणी लागू द्यायचं नसतं. पहाटेचं दवही पाण्यातच धरा.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि सहजी निघत नाहीत. मॅट रंगाच्या गाडीवर यातलं काहीच नको, त्यासाठी वेगळी उत्पादनं मिळतात. नुकताच रंगकाम केलेला दरवाजा किंवा बंपर असेल तर रंगवणाऱ्याला विचारून काही आठवडे थांबा. ताज्या रंगातली द्रावकं अजून बाहेर पडत असतात. कारखान्यातून भट्टीत भाजून आलेल्या नव्या गाडीला ही अडचण नाही.

दोन्ही हवं असेल तर खाली सीलंट, ते पूर्ण पक्कं झालं की वर वॅक्स. उलट क्रम चालत नाही, मेणावर सीलंटला पकड मिळत नाही. वरचं वॅक्स साधं घ्या. 'क्लीनर वॅक्स' म्हणून मिळतं त्यात घासणारे कण किंवा साफ करणारी रसायनं असतात, ते खालचं सीलंट सोलून काढेल.

पुन्हा कधी लावायचं हे पाणी सांगतं. थेंब गोल उभे राहायचे थांबून पाणी पत्र्यासारखं सपाट पसरायला लागलं, की थर गेला असं लोक धरतात. घाई करू नका. वर मळ साचला तरी असंच दिसतं. आधी पीएच न्यूट्रल शाम्पूने धुऊन पुन्हा पाणी टाका. थेंब परत आले तर बाटली कपाटातच राहू द्या. आणि जुना थर मुद्दाम उतरवायचा नसेल तर भांडी घासायचा साबण गाडीच्या बादलीपासून लांब ठेवा.