यान बांधायचं ते डॉकिंग पोर्टपासून खाली

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या यानं बांधून उडवायच्या व्हिडिओ गेममध्ये पहिलं स्पेस स्टेशन कक्षेत सोडणं त्या मानानं सोपं आहे. मोठं रॉकेट घ्यायचं, त्याच्या डोक्यावर डबा बसवायचा आणि वर न्यायचं. कस लागतो तो नंतरच्या यानाचा. त्यानं स्टेशन गाठायचं, त्याला जोडून घ्यायचं आणि आतल्या कर्बलला (गेममधल्या अंतराळवीराला) जिवंत परत आणायचं. नवखे बहुतेक जण इंजिनापासून बांधायला घेतात, आणि स्टेशन पन्नास मीटरवर आल्यावर त्यांच्या लक्षात येतं की डॉकिंग पोर्ट (यानं एकमेकांना जोडणारा भाग) बसवायचाच राहिला. म्हणून बांधणी वरून खाली करा. आधी पोर्ट, सगळ्यात शेवटी बूस्टर.

खालचे आकडे मोड (बाहेरचे जोडभाग) न टाकलेल्या १.१२ आवृत्तीचे आहेत. स्टेशन कर्बिनच्या (गेममधल्या पृथ्वीच्या) विषुववृत्तावर १०० किमी उंचीच्या गोल कक्षेत आहे असं धरलंय.

एमके-१ कमांड पॉड घ्या. त्यात एकच कर्बल मावतो, पण शिकायला तेवढं पुरे. पॉडच्या डोक्यावर सवयीनं एमके-१६ पॅराशूट बसवलं जातं आणि तिथेच घोळ होतो, कारण पोर्टची जागा गेली. डोक्यावर मधल्या आकाराचा क्लॅम्प-ओ-ट्रॉन बसवा आणि पॅराशूटसाठी पॉडच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन एमके-२-आर लावा. स्टेशनवरच्या पोर्टचा आकार आधीच बघून ठेवा. ज्युनियर, मधला आणि सीनियर हे तीन आकार एकमेकांना जोडले जात नाहीत, कितीही ढकललं तरी. बांधताना पोर्ट उलटा बसला, म्हणजे जोडणारं तोंड आतल्या बाजूला गेलं, तरी तो पहिल्या नजरेत ठीकच वाटतो. कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघा.

पॉडखाली सव्वा मीटरची उष्णतारोधक ढाल, तिच्याखाली टीडी-१२ डीकपलर (वेळ आली की खालचा भाग सोडून देणारा जोड). एवढ्या कमी उंचीच्या कक्षेतून परतताना ढालीतला अ‍ॅब्लेटर (जळून उष्णता वाहून नेणारा थर) पूर्ण खर्ची पडत नाही. उजव्या क्लिकवर स्लायडर येतो, तो निम्म्यावर आणलात तरी चालतं. डीकपलरखाली एफएल-आर१२० ही मोनोप्रॉपेलंटची, म्हणजे यान सरकवणाऱ्या छोट्या झोतांच्या इंधनाची टाकी, १२० युनिटची. पहिल्या काही प्रयत्नांत त्यातलं बरंच वाया जाईल. हात बसल्यावर वीस युनिटही पुष्कळ होतात. टाकीवर ऑक्स-स्टॅट सौरपट्ट्या चारही बाजूंना एकेक लावा, म्हणजे यान वळलं तरी बहुतेक वेळा एखादी उन्हात असते. सोबत दोन झेड-१०० बॅटऱ्या. पॉडमध्ये स्वतःचा जेमतेम ५० युनिट चार्ज असतो, आणि तो संपला की रिअ‍ॅक्शन व्हील थांबतं, यान वळेनासं होतं.

त्याखाली एक एफएल-टी४०० टाकी आणि टेरियर इंजिन. इथवरचं वजन साधारण ४.९ टन होतं. टेरियरचा निर्वातातला आयएसपी (इंजिन इंधन किती काटकसरीनं वापरतं त्याचं माप) ३४५ सेकंद आहे, त्यामुळे एवढ्याशा टाकीतूनही साधारण १,७५० मी/से डेल्टा-व्ही (वेग बदलायची एकूण ऐपत) मिळतो. हेच इंजिन जमिनीवर मात्र निरुपयोगी आहे. हवेच्या दाबाखाली त्याचा रेटा पार बसतो, म्हणून त्याला खालच्या टप्प्यात टाकायचं नाही.

आता आरसीएसचे, म्हणजे यान हळूच सरकवणाऱ्या छोट्या झोतांचे चार ठोकळे, आरव्ही-१०५. ते कुठे लावायचे यावर डॉकिंग सुखाचं होणार की डोकेदुखी, हे ठरतं. यानाच्या वस्तुमानकेंद्रापासून ते वर किंवा खाली बसले, तर 'जरा डावीकडे सरक' म्हटल्यावर यान सरकतं आणि सोबत फिरतंही. मग एसएएस (यान आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) ते फिरणं थोपवायला बघतो, त्यासाठी पुन्हा ठोकळे फुंकतो आणि मोनोप्रॉपेलंट भसाभस उडतं. बांधणीघरात वस्तुमानकेंद्र दाखवणारा पिवळा गोळा असतो, पण तो पूर्ण रॉकेटचं केंद्र दाखवतो आणि डॉकिंगच्या वेळी तर खालचा टप्पा नसतोच. म्हणून खालचा भाग जोडण्याआधीच हे काम उरका. टेरियरच्या टाकीतलं इंधन स्लायडरनं निम्म्यावर आणा, गोळा कुठे सरकतो ते बघा आणि चारही ठोकळे त्याच पातळीवर एका कड्यात लावा. नंतर टाकी पुन्हा काठोकाठ भरायला विसरू नका. ती अर्धीच राहिल्यानं कित्येक उड्डाणं फसली आहेत.

आता खालचा टप्पा. पुन्हा एक डीकपलर, दोन एफएल-टी८०० टाक्या आणि स्विव्हल इंजिन. याच किमतीच्या आसपासचं रिलायंट जास्त जोरकस असल्यानं मोह होतो, पण त्याचं तोंड वळत नाही. स्विव्हलचं वळतं आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये तेच रॉकेटला सरळ ठेवतं. एवढं सगळं साडेपंधरा टनांच्या आसपास जातं. जमिनीवर स्विव्हलचा रेटा १६८ किलोन्यूटन, म्हणजे रेटा आणि वजनाचं गुणोत्तर जेमतेम १.१. असं रॉकेट उडतं खरं, पण रांगत. म्हणून दोन बाजूंना रेडियल डीकपलरवर दोन हॅमर बूस्टर लावा आणि त्यांचा रेटा उजव्या क्लिकनं ४० टक्क्यांवर आणा. गुणोत्तर दीडच्या जवळ जातं आणि हॅमर साधारण मिनिटभर जळतात. त्यांना पूर्ण जोरावर सोडलं तर दाट हवेत वेग नको तितका वाढतो, रॉकेट डगमगतं आणि कोलांटी खातं. तळाशी चार पंख लावायलाच हवेत, कारण डोक्यावरचा चपटा पोर्ट हवेला चांगलाच अडवतो.

उड्डाणाआधी स्टेजिंगची (कोणता भाग केव्हा चालू होणार किंवा सुटणार याची) यादी खालून वर वाचा. सर्वात आधी स्विव्हल आणि दोन्ही हॅमर एकत्र, मग हॅमरचे डीकपलर, मग मधला डीकपलर आणि टेरियर, मग ढालीखालचा डीकपलर, आणि सगळ्यात शेवटी फक्त पॅराशूट. गेम ही यादी आपल्या अकलेनं लावतो आणि पॅराशूट नको तिथे घुसवतो. आणखी एक गोष्ट. करिअर मोडमध्ये खुर्चीत पायलट हवा, म्हणजे जेब किंवा व्हॅल. बॉब शास्त्रज्ञ आहे. त्याला बसवलं तर एसएएस चालणार नाही.

चढणीबद्दल थोडक्यात: वेग साठ-सत्तर मी/से झाला की पूर्वेकडे पाच-दहा अंश झुकवा, दहा किलोमीटरवर ४५ अंश. कक्षेचा वरचा बिंदू ८० किमीला लागला की इंजिन बंद करा आणि तिथे पोहोचल्यावर कक्षा गोल करा. एवढ्याला ३,४०० मी/से च्या आसपास लागतात. या यानाजवळ ४,४०० हून जास्त आहेत, म्हणजे चुका पोटात घालायला भरपूर वाव आहे.

मुद्दाम ८० वर थांबायचं, थेट १०० वर जायचं नाही. खालच्या कक्षेत फेरी ३१ मिनिटं १५ सेकंदांची, स्टेशनची ३२ मिनिटं ३८ सेकंदांची. दर फेरीला तुम्ही ८३ सेकंद कमावता आणि मागून स्टेशनला गाठत जाता. वेळ पुढे पळवायची आणि स्टेशन तुमच्या पुढे साधारण ५० किमीवर आलं की प्रोग्रेड (प्रवासाच्या) दिशेला १६-१७ मी/से चा धक्का द्यायचा. सोळा मिनिटांनी तुम्ही १०० किमीवर पोहोचता तेव्हा स्टेशन जवळपास तिथेच असतं. मुक्कामावर आणखी तेवढाच धक्का. कक्षांची प्रतलं (त्यांचे कल) जुळत नसतील तर ती आधी जुळवून घ्या, नाहीतर हे गणित कोलमडतं. घाईला आलेले लोक स्टेशनकडे नाक करून इंजिन पेटवतात. पन्नास किलोमीटरवरून असं केलं की कक्षाच बदलते आणि स्टेशन आणखी दूर जातं.

दोन किलोमीटरच्या आत आल्यावर नॅव्हबॉलवरच्या (पडद्यावरच्या दिशादर्शक गोळ्यावरच्या) वेगाच्या आकड्यावर क्लिक करून तो 'टार्गेट'वर आणा. रेट्रोग्रेड (प्रवासाच्या उलट) दिशेला इंजिन चालवून सापेक्ष वेग शून्य करा. तिथेच एफ-५ दाबून सेव्ह करा. मग स्टेशनच्या दिशेनं हळू निघा: दोन किलोमीटरवर २० मी/से, अर्ध्या किलोमीटरवर ५, पन्नास मीटरवर १.

पन्नास मीटरवर पुन्हा थांबा. स्टेशनचा ताबा घेऊन त्याचा मोकळा पोर्ट नॉर्मल दिशेला, म्हणजे उत्तरेकडे वळवा, तुमच्या यानाचं नाक दक्षिणेकडे करा. पोर्ट कक्षेच्या पुढच्या दिशेला धरलेला असेल तर स्टेशन फेरीभर वळत राहतं आणि तुम्ही त्याच्यामागे. उत्तर-दक्षिण दिशा मात्र फेरीभर जागची हलत नाही. आता स्वतःच्या पोर्टवर उजवा क्लिक करून ताबा तिथून घ्या, समोरच्या पोर्टला टार्गेट करा. आर दाबून आरसीएस चालू करा, आय, के, जे, एल या कळांनी बाजूला सरका, एच पुढे आणि एन मागे. नॅव्हबॉलवर टार्गेटची गुलाबी खूण मधोमध, तिच्यावर प्रोग्रेडची पिवळी खूण, एवढंच सांभाळायचं. पिवळी खूण डावीकडे गेली की एल चा हलका टिचका. कॅप्स लॉक लावलात तर टिचके आणखी नाजूक होतात. शेवटच्या दहा मीटरमध्ये ०.२ ते ०.३ मी/से. चुंबकानं पकडलं तरी दोन्ही यानं थरथरत राहिली आणि जोडली गेली नाहीत, तर एसएएस बंद करा, तोच चुंबकाशी भांडत असतो. सुटून मागे गेलात तर थोडं दूर होऊन मगच परत या, तोवर पोर्ट पुन्हा पकडत नाही.

परतताना १०० किमीच्या कक्षेतून रेट्रोग्रेड ६० मी/से दिले की खालचा बिंदू ३० किमीवर येतो. टेरियरचा टप्पा सोडून द्या, ढाल पुढे ठेवा, आणि पॅराशूटच्या चिन्हाचा धोक्याचा रंग गेल्यावरच ते उघडा.