दोन लॅपटॉप, एक बिऱ्हाड: मॉरिशसला वर्षभर राहायला जायचं तर

बेटावर राहायला जायचं ठरलं की माणूस आधी समुद्राकाठचं घर शोधतो. आम्ही नवरा-बायकोनेही तेच केलं. फोटो बघून महिन्याभराचं भाडं आगाऊ भरलं आणि ते अक्षरशः पाण्यात गेलं. म्हणून हा क्रम लिहितेय. आधी ऑफिसचं पत्र, मग व्हिसा, मग निघायची तारीख, आणि घर सगळ्यात शेवटी, तेही तिथे उतरल्यावर.

ऑफिसचं पत्र

मॅनेजर तोंडी म्हणतो, "जा की, वर्क फ्रॉम होमच तर आहे." त्याच्या भरवशावर तिकिटं काढू नका. परदेशात बसून काम करायचं म्हणजे कंपनीपुढे तिथल्या कराचा आणि क्लायंटच्या डेटाचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे होकार एचआरकडून लेखीच हवा. पत्रात पद, महिन्याचा पगार, कालावधी आणि 'मॉरिशसमधून काम करण्यास हरकत नाही' हे वाक्य असू द्या. आयटीवाल्यांनाही आधीच विचारा. काही कंपन्यांचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) देशाबाहेरून लॉगिनच होऊ देत नाही, आणि हे पहिल्या सोमवारी सकाळी कळणं बरं नाही.

व्हिसा

मॉरिशसने २०२० साली 'प्रीमियम व्हिसा' सुरू केला. एक वर्षाचा, पुढे वाढवून मिळणारा. अर्ज ऑनलाइन. आम्ही केला तेव्हा फी नव्हती आणि महिन्याला किमान १,५०० डॉलर उत्पन्नाची अट होती. हा आकडा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या. उत्पन्न मॉरिशसबाहेरचं असायला हवं. तिथे स्थानिक नोकरी धरता येत नाही, हौस म्हणून शेजारच्या योग स्टुडिओत पगारी क्लास घेणंही त्यातच आलं. पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, परतीचं तिकीट, आरोग्य विमा ही नेहमीची कागदपत्रं लागतात. आम्ही दोघांनी वेगवेगळे अर्ज भरले आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला. तुमचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधी करून ठेवा.

निघायची तारीख

इथे जरा थांबा, कारण पैसे इथेच जातात. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर त्या वर्षी तुम्ही करापुरते निवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. म्हणजे तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरला की ते अख्खं वर्ष निवासी म्हणूनच मोजलं जातं. याशिवाय निवासी ठरवणारी ६० दिवसांची एक वेगळी अट आहे. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला तिच्यातून सूट मिळते, पण भारतीय कंपनीची नोकरी तशीच चालू ठेवून जाणाऱ्याला ही सूट लागू होते का, हे सीएकडून लेखी घ्या. आणि पगार भारतातल्याच खात्यात जमा होत असेल तर अनिवासी होऊनही त्यावर सहसा भारतात कर लागतोच.

मॉरिशसचं कर वर्ष जुलै ते जून, आणि तिकडची मर्यादा १८३ दिवस. प्रीमियम व्हिसावर तिथे आणलेल्या पैशावर कर बसतो. दोन्हीकडचे दिवस एकाच वहीत मांडा. मी पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवते.

घड्याळ

मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे. माझं पुण्याचं दहाचं ऑफिस तिथे साडेआठला सुरू होतं आणि इकडे सात वाजले की तिकडे साडेपाचला मी मोकळी. नवऱ्याचा क्लायंट लंडनचा. त्यांचे नऊ म्हणजे हिवाळ्यात तिथले दुपारचे एक, उन्हाळ्यात बारा. म्हणजे सकाळचा स्वयंपाक त्याचा, संध्याकाळचा माझा, असं आपोआपच ठरलं. ही झाली जमेची बाजू. पण दुपारी एक ते साडेपाच दोघंही कॉलवर, आणि आमच्या त्या समुद्राकाठच्या स्टुडिओत खोली एकच. तिसऱ्या दिवशी मी बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्रोजेक्टचा आढावा दिला. अमेरिकेचा क्लायंट असेल तर विचार करा, न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे मॉरिशसची संध्याकाळ सहा-सात.

घर

पहिले तीन-चार आठवडे थोड्या दिवसांसाठी मिळणारं घर घ्या आणि भाड्याचं घर पायी फिरून शोधा. दार बंद होणाऱ्या दोन खोल्या हव्यातच. पश्चिमेकडचं फ्लिक-आँ-फ्लाक कोरडं आणि गरम, पूर्व किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर बोचरा वारा. हा तिथला हिवाळा, कारण बेट दक्षिण गोलार्धात आहे. मध्य पठारावरचं क्यूरपीप गार आणि ओलं. आषाढातलं लोणावळं आठवा, कपड्यांना वास येतो. आम्ही शेवटी कात्र बोर्नला घर घेतलं. समुद्र दिसत नाही, पण राजधानी पोर्ट लुईला जायला मेट्रो आहे आणि भाजीबाजार चालत जाण्याइतका जवळ.

घर बघायला गेल्यावर नळ सोडून बघा आणि विचारा, टाकी किती लिटरची, पंप आहे का. पावसाआधीच्या महिन्यांत काही भागांत पाणी ठरावीक तासच येतं. फायबर इंटरनेट घरात आलेलं आहे का, तेही बघा. बेटभर फायबर पसरलंय, पण 'येईल पुढच्या आठवड्यात' हे घरमालकाचं वाक्य जगभर सारखंच.

सामान

थोडक्यात: प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे किंवा फ्रेंच दोन पिनांचे, त्यामुळे अडॅप्टर न्या. कुकर आणि काळा मसाला न्या. ताजी फळं, बिया, रोपं नेऊ नका, कढीपत्त्याची फांदीसुद्धा नको. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. भाजीची चिंता नको, बाजारात शेवग्याचा पाला 'मुरुम' नावाने मिळतो. रस्त्यावरची दालपुरी जोडीनंच देतात, एक मागितली तर विक्रेता बघत राहतो. एक मॉरिशियन रुपया म्हणजे आपले जवळपास दोन, हे डोक्यात बसेपर्यंत सगळं स्वस्त वाटतं.

वादळं

नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा काळ. इशारे एक ते चार अशा पायऱ्यांचे, तिसरा लागला की बस आणि दुकानं बंद. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' चक्रीवादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहिल्या. पहिल्या इशाऱ्यालाच पाणी भरा, पॉवर बँक चार्ज करा आणि टीमला कळवून टाका की उद्या मी ऑनलाइन नसेन. तेव्हाच कळवलं तर कुणी कुरकुर करत नाही, वीज गेल्यावर कळवायला नेटही नसतं.

सुट्ट्या

एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया म्हणून, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून, आलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी मॉरिशसमध्ये आहे, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणपतीला सरकारी सुट्टी असते. पण ही सुट्टी चतुर्थीची नसून बहुतेक दुसऱ्या दिवशीची, विसर्जनाची असते. माझ्या ऑफिसच्या यादीत सुट्टी चतुर्थीची. त्यामुळे पहिल्या वर्षी खालून ढोल-झांजा आणि बाप्पाची मूर्ती नदीकडे जात होती, आणि मी म्यूटवर बसून खिडकीतून बघत होते. पंचमीची रजा दोघांनीही आधीच टाकून ठेवा.