लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवताय? स्क्रू काढण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

लॅपटॉप सुरू व्हायला चार-चार मिनिटं लागतात आणि टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के दिसतं. अशा मशीनमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसरचा काही गुन्हा नसतो. आत मिनिटाला ५४०० फेरे मारणारी हार्ड डिस्क असते. विखुरलेल्या फाइल्स गोळा करायला तिचं हेड इकडून तिकडे पळत राहतं आणि सेकंदाला शंभरेक वाचनं झाली की तिची ताकद संपते. साध्यातली साधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, हेच काम हजारोंच्या घरात करते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

बसवण्याचं काम तसं वीस मिनिटांचं. फसगत होते ती त्याच्या आधी, खरेदी करताना आणि डेटा हलवताना. त्यामुळे इथे स्क्रू-ड्रायव्हर जरा उशिराच येणार आहे.

दुकानात जाण्याआधी मागचं झाकण बघितलं नाही

‘पाचशे जीबीची एसएसडी द्या’ एवढं सांगून चालत नाही. अडीच इंची साटा, एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई असे तीन प्रकार बाजारात आहेत. साटा ही जुनी, हळू जोडणी; एनव्हीएमई ही नवी, वेगवान. शेवटचे दोन दिसायला जवळपास सारखेच, च्युइंगगमच्या पट्टीएवढे. एनव्हीएमई पट्टी फक्त साटा चालवणाऱ्या स्लॉटमध्ये कधीकधी व्यवस्थित बसते, स्क्रूसुद्धा लागतो, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) तिचा पत्ता नसतो. लॅपटॉपच्या पोटावर छापलेला पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरून सर्व्हिस मॅन्युअल काढा. स्लॉट कोणता आणि पट्टी किती लांबीची चालते, हे त्यात लिहिलेलं असतं. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२४२ म्हणजे ४२ मिमी लांब. लांबी चुकली तर स्क्रूचं भोक जुळत नाही.

साधारण २०१८ ते २०२१ च्या दरम्यानच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आणि शेजारी रिकामा एम.२ स्लॉट अशी रचना होती. तुमचा त्यातला असेल तर हार्ड डिस्क काढायची गरजच नाही. विंडोज एनव्हीएमईवर घ्या आणि फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या. फक्त झाकण उघडून स्लॉट खरंच आहे ना ते बघा. स्वस्तातल्या काही मॉडेलांत बोर्डवर त्याची जागा छापलेली असते, पण कनेक्टर बसवलेलाच नसतो.

लॅपटॉप फक्त साटाचा असेल तर महागड्या मॉडेलवर पैसे घालवू नका. साटाची मर्यादा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास आहे, त्यापुढे काही मिळत नाही. उरलेल्या पैशांत रॅम ४ ची ८ जीबी करा. आणि अर्ध्या किमतीत मिळणारी अनोळखी नावाची २ टीबी एसएसडी घेऊच नका. अशा बनावट मालात आत मेमरी कार्ड निघाल्याची उदाहरणं आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल हवंच. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतं. खोटी क्षमता त्यात उघडी पडते.

पाचशेची घेतली आणि ४६५ च दिसते, ही मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

आजारी डिस्कचं क्लोनिंग

क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवताना, हार्ड डिस्कचा भरलेला सगळा भाग सलग तासन्‌तास वाचला जातो. डिस्क आधीच खराब होत आली असेल तर त्यातच तिचा कारभार आटोपतो. म्हणून आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींत ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्य असेल तर पुढे चला. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथे आकडा दिसला तर क्लोनिंगचा नाद सोडा. सगळ्यात महत्त्वाच्या फाइल्स आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका.

‘डॉक्युमेंट्स घेतलं, झालं’

नव्याने विंडोज टाकणाऱ्यांची ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती महिन्याभराने कळते. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत, दुकानांत टॅलीचा डेटा बहुधा सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरमध्ये ‘डेटा’ या नावाने पडलेला असतो. डॉक्युमेंट्समध्ये तो नसतो. टॅलीच्या कंपनी निवडायच्या पडद्यावर त्याचा मार्ग दिसतो. तो लिहून घ्या आणि अख्खं फोल्डर उचला. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा.

मग फॉन्ट. लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल, शाळेचे दाखले यांच्या जुन्या फाइल्स श्रीलिपी, शिवाजी, किरण, कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि माणूस समजतो, फाइल बिघडली. फाइल ठीक असते. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले हे फॉन्ट आधीच कॉपी करून ठेवा. टायपिंगचं सॉफ्टवेअर लायसन्सचं असेल तर त्याची सीडी, डाँगल किंवा की जागेवर आहे का तेही बघा. ब्राउझरमधले पासवर्ड खात्याशी सिंक झालेत का, हा आणखी एक प्रश्न.

विंडोजच्या लायसन्सची मात्र उगाच काळजी केली जाते. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) टाका, नेट जोडा, ते आपोआप सक्रिय होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनवर फक्त ब्राउझर आणि पत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार जरूर करा.

क्लोन करताना

पहिली गोष्ट, फक्त सी ड्राइव्ह कॉपी करू नका. बूट होण्यासाठी लागणारं छोटं, साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं असतं. ते राहिलं की लॅपटॉप काळा पडदा दाखवतो. पूर्ण डिस्क निवडा. सोर्स कोणती आणि टार्गेट कोणती, हे नावावरून आणि आकारावरून दोनदा वाचा. इथे उलटं झालं तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग काही परत येत नाही.

मोठ्या डिस्कवरून छोट्या एसएसडीवर जाताना क्लोनझिला हे क्लोनिंगचं मोफत सॉफ्टवेअर सहसा अडतं. आधी पार्टिशन आक्रसून घ्या, नाहीतर एसएसडी कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरा. क्रूशियल, किंग्स्टन आणि डब्ल्यूडी यांच्या ग्राहकांना ॲक्रोनिस या क्लोनिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती मिळते, सॅमसंगचं आपलं वेगळं आहे.

लॅपटॉपवर ऑप्टेनचा स्टिकर असेल तर थांबा. त्यात सहसा १६ जीबीचं ऑप्टेन मॉड्यूल, म्हणजे इंटेलची छोटी वेगवान मेमरी, हार्ड डिस्कशी जोडी करून चालतं. इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून ऑप्टेन डिसेबल केल्याशिवाय डिस्कला हात लावू नका, कारण काही डेटा फक्त त्या मॉड्यूलवर असू शकतो. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोजचं कुलूप, चालू असेल तर तेही आधी बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. ४८ अंकी रिकव्हरी की तरीही कागदावर उतरवून ठेवा, कारण बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं.

आणि विंडोजमधलं एमएसइन्फो३२ उघडून ‘बायोस मोड’समोर यूईएफआय (बूट होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), ते टिपून ठेवा. पुढे अडलात तर अर्धं उत्तर यातच असतं.

आता स्क्रू

इथे सांगण्यासारखं फार नाही. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. झाकण निघत नसेल तर ओढू नका. रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हजवळ एखादा स्क्रू लपलेला असतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीने लावा, नाहीतर लांब स्क्रू चुकीच्या जागी जाऊन वरच्या बाजूला फुगवटा येतो. रिबन केबलचं लॅच आधी उचला, मग केबल काढा. अडीच इंची एसएसडी ७ मिमी जाडीची असते. ९.५ मिमीच्या खाचेत ती हलत असेल तर जाडी भरून काढणारी प्लास्टिकची चौकट लावा आणि जुन्या डिस्कचा कंस तिला चढवायला विसरू नका.

डीव्हीडीच्या जागी कॅडी (दुसरी डिस्क बसवायची चौकट) लावणाऱ्यांनी एसएसडी मूळ जागेत आणि हार्ड डिस्क कॅडीत ठेवावी. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा पोर्ट कमी वेगाचा असतो.

बसवली, पण सुरू होत नाही

बायोसमध्ये जाऊन बघा. एसएसडीचं नावच नसेल तर अडचण कनेक्टरची, केबलची किंवा प्रकार चुकल्याची आहे. काढून परत नीट बसवा. नाव दिसतं आणि तरी ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं, तर बहुतेक वेळा बूट मोड बदललेला असतो. मघाशी टिपलेला मोड पुन्हा लावा. जुनी डिस्क एमबीआरची (लेगसीसाठीच्या जुन्या मांडणीची) असेल आणि तुम्हाला यूईएफआयवर यायचं असेल, तर ती यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी मांडणीत बदलणारं एमबीआरटूजीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे. रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये यूईएफआय निवडा.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, की त्याचा अर्थ असा: विंडोज आहे, पण या डिस्कशी बोलायचा ड्रायव्हर त्याने बूटच्या वेळी उचलला नाही. साटावरून एनव्हीएमईवर क्लोन केलं किंवा बायोसमध्ये डिस्कचा मोड रेडवरून बदलून एएचसीआय केला की हे होतं. रिकव्हरीतून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे तो ड्रायव्हर सहसा उचलला जातो आणि पुढच्या वेळी मशीन नेहमीसारखं येतं. यासाठी विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका.

विंडोजच्या सेटअपला डिस्कच दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर बहुतेक वेळा व्हीएमडी या इंटेलच्या स्टोरेज सेटिंगमुळे अडलेलं असतं. कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्या. बूट झालेल्या विंडोजमध्ये ‘धिस पीसी’त नवी डिस्क दिसत नाही, म्हणून ती परत करणारेही आहेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला इनिशियलाइझ करून तिच्यावर पार्टिशन बनवायचं बाकी असतं, इतकंच.

एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं तर बूटचं पार्टिशन कित्येकदा जुन्या डिस्कवरच जातं. लॅपटॉप महिनोन्‌महिने मस्त चालतो. पुढे जुनी डिस्क काढली किंवा मेली की एसएसडीवरचं विंडोजही उठत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना आत फक्त एसएसडी ठेवा. क्लोननंतरचा पहिला बूटही तसाच करा.

नंतर

बाहेरची डीफ्रॅग सॉफ्टवेअरं काढून टाका. विंडोजचं स्वतःचं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ चालू राहू द्या, ते एसएसडी ओळखून ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते सांगणारी सूचना, पाठवतं. तिथे प्रकार ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असाच दिसतोय ना, ते एकदा बघा.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिन्याचं जीएसटीचं काम, पगारपत्रकं, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन असं सगळं नव्या डिस्कवर एकदा फिरून येऊ द्या. मग तिला चांगल्या यूएसबी डबीत घालून बॅकअपला वापरा. भंगारात किंवा कोणाला द्यायची असेल तर नुसतं क्विक फॉरमॅट पुरत नाही. विंडोजच्या डिस्कपार्ट या आदेश देऊन चालवायच्या साधनात ‘क्लीन ऑल’ दिलं की सगळ्या सेक्टरांवर शून्यं लिहिली जातात. मात्र त्याआधी ‘लिस्ट डिस्क’मध्ये आकार बघून योग्य क्रमांक निवडा, कारण हा आदेश खात्री विचारत नाही.