कुंपणाची कण्हेर आणि घरचा कुत्रा : या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत कुंपणाला कण्हेर लावतात, कारण उन्हाळ्यात पाणी तुटले तरी ती तगते आणि बकऱ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत. पहिली चूक यातूनच होते. बकरी जे सोडते ते कुत्राही सोडेल, असे आपण गृहीत धरतो. पण बकरी येते चरायला आणि पिल्लू येते खेळायला, शिवाय दात शिवशिवत असले की त्याला चप्पल काय आणि फांदी काय, सारखेच.

याहून घातक चूक छाटणीची आहे. पोळ्याच्या आधी आवार साफ करताना छाटलेल्या फांद्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, टाकून दिल्या जातात आणि वाळल्या की त्यांतले विष गेले, अशी समजूत असते. ती खोटी आहे. वाळलेली पानेही तितकीच धोक्याची. आमच्या पिल्लाच्या तोंडातून मी ओढून काढलेली काठी जेमतेम वीतभर होती आणि एका बाजूची साल पुरती सोललेली होती. तासाभरात त्याला लाळ सुटली, मग उलट्या झाल्या. कण्हेरीतील ओलिअँड्रिन हे विष हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवते, त्यामुळे ठोके मंदावतात किंवा अनियमित पडतात. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, विषही याच जातीचे असून तिची फळे चेंडूसारखी घरंगळत असल्यामुळे खेळकर कुत्र्याला ती हमखास सापडतात.

गुलाबाला एरंडीची ढेप घालणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तेल काढल्यानंतर बियांतले रिसिन हे विष ढेपेतच उरते, आणि उष्णता देऊन ते नष्ट केलेले नसेल तर वासाने ओढला गेलेला कुत्रा माती उकरून ढेप खातो. लक्षणे अनेकदा दुसऱ्या दिवशी दिसतात, तोवर कारण कोणाच्या ध्यानात राहत नाही. हौसेने कुंडीत लावलेल्या सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाच्या बिया यकृत निकामी करतात.

विषबाधेची शंका आली की मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे, ही आपल्याकडची जुनी सवय. त्याने रक्तातील सोडियम वाढून जिवावर बेतू शकते. दूध-तुपाने विष उतरत नाही, वेळ मात्र जातो. तोंडातला पाला काढावा, १९६२ या जनावरांच्या उपचारासाठीच्या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा, आणि नेताना चघळलेली डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी, कारण ‘काहीतरी पाला खाल्ला’ एवढ्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत. वाटेत उलटी होऊन कुत्रा शांत झाला, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतू नये. कण्हेरीच्या बाधेत हृदयाचे ठोके पुढेही बिघडू शकतात आणि ते नुसते पाहून कळत नाहीत.