मुक्तीनंतरचा मजुरीचा करार कसा वाचावा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६५ नंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांनी मळेमालकांशी केलेले असंख्य करार फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याच्या दप्तरात टिकून आहेत आणि त्यांच्या प्रती आता इंटरनेटवर पाहता येतात. असा करार हाती घेतल्यावर मजुरीचा आकडा नव्हे, तर कपातीची कलमे आधी शोधावीत.

तत्पूर्वी राज्य आणि तारीख मात्र पाहून ठेवावी. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये केलेल्या कायद्यांनुसार मुक्त माणसाकडे दर जानेवारीत कामधंदा असल्याचा लेखी पुरावा असावा लागे, आणि सबळ कारणाविना मुदतीआधी काम सोडल्यास त्या वर्षाची तोवरची मजुरी बुडत असे. तेव्हा जानेवारीतली सही राजीखुशीची होती, असे गृहीत धरू नये.

मोबदला पिकाच्या हिश्श्यात, म्हणजे तिसऱ्या वाट्याने किंवा अर्धेलीने ठरला असेल, तर तो कापूस विकला गेल्यावर वर्षअखेरीस मिळे. मधले महिने कुटुंब कशावर जगले, हे शिध्याच्या कलमातून कळते: सहसा आठवड्याला ठरावीक मक्याचे पीठ आणि डुकराचे खारवलेले मांस. कपडे, औषधपाणी आणि आजारपणाचे खाडे कोणाच्या खात्यावर मांडले जात, हे नीट पाहावे, कारण वाट्यातून आधी तेच वळते होई. पुढील वर्षांत गावच्या दुकानाची उधारी यात मिसळली. उधारीचे भाव रोखीपेक्षा चढे असत, वही मालकाच्या किंवा दुकानदाराच्या हाती असे आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढे.

सहीच्या जागी बहुधा फुली दिसते. गुलामांना लिहावाचायला शिकवणे अनेक राज्यांत गुन्हा होता, त्याची ती खूण आहे. तिच्यावरून करणाऱ्याला व्यवहार कळत नव्हता, असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. साउथ कॅरोलायनातील एडिस्टो बेटावरील लोकांचेच पाहा. जानेवारी १८६५ च्या लष्करी हुकमाने त्या किनारपट्टीवर कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली होती; ती जुन्या मालकांकडे परत जाणार असे कळताच बेटावरच्या लोकांनी ऑक्टोबरमध्ये थेट राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडे लेखी दाद मागितली. जमीन गेल्यावर समोर उरला तो करारच.

शेवटी करारातील नावे ब्यूरोच्या तक्रारनोंदींत आणि १८७० च्या जनगणनेत शोधावीत. कबूल केलेल्यातले हातात किती पडले, हे तक्रारींत सापडण्याची शक्यता अधिक. आणि पाच वर्षांनी तेच कुटुंब एकत्र होते का व कोणते काम करत होते, हे जनगणनेतून तपासता येते.