साबण हॉटेलचा, शाम्पू घरचा

हॉटेलच्या बाथरूममधला छोटा साबण खुशाल वापरा. हात धुवायला, मोजे-रुमाल खळबळायला तो पुरतो. शाम्पू, फेसवॉश आणि क्रीम मात्र आपलंच न्या. अनोळखी शाम्पूने केस राठ होतात, आणि त्वचा नाजूक असेल तर पुरळ उठून सगळ्या सहलीचा विचका होतो. लहान मुलांना तर नेहमीचाच साबण हवा.

कोकणात किनाऱ्यालगत विहिरीचं पाणी मचूळ असलं की साबणाला फेसच येत नाही. तिथे शाम्पू अंगालाही चालतो. दोन-तीन दिवसांसाठी किराणा दुकानातली शाम्पूची पाकिटं उत्तम, बॅगेच्या कप्प्यात सपाट बसतात.

बाटलीच न्यायची तर किंचित दाबून आतली हवा काढा, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि मग झाकण घट्ट फिरवा. विमानात दाब कमी झाला की बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पू बाहेर ढकलते. परदेशी जाताना बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, तळाशी घोटभरच उरलेलं असलं तरी.